नट आणि सूत्रधार

नटाचे वैभव जितके मोठे, तितकेच ते पराधीन असते. शब्द दुसऱ्याचे, वेष दुसऱ्याने ठरविलेला, प्रकाश कोठून पडावा हेही दुसऱ्याच्याच हाती. त्याचे स्वतःचे म्हणावे असे एकच, ते म्हणजे त्याचे मुख. आणि तेही एकदा लोकांस आवडले म्हणजे त्याचे राहत नाही. लोक त्यावर आपला हक्क सांगू लागतात. काल हसलास तसाच आज हास, काल लाजलास तसाच आज लाज, असा त्यांचा लाडिक हुकूम सुटतो, आणि पुष्कळ नट तो जन्मभर शिरसावंद्य मानून सुखाने श्रीमंत होतात. अशा स्थितीत एखादा नट भर यशात उठून सूत्रधाराची जागा घेतो, तेव्हा त्याने केवळ धंदा बदलला असे आम्हांस वाटत नाही. आजवर लोक त्याला पाहत होते. यापुढे लोकांनी काय पाहावे हे तो ठरवू लागतो. या उलाढालीत त्याचे काय होते आणि प्रेक्षकांचे काय होते, याचा थोडा विचार करण्याचे योजिले आहे.

दृष्टान्तासाठी फार दूर जावयास नको. श्री. अमोल पालेकर यांचा जन्म 1944 साली मुंबईस झाला. त्यांचे शिक्षण सर जे. जे. कलाशाळेत चित्रकाराचे, पोटासाठी त्यांनी बँक ऑफ इंडियात नोकरी केली, आणि सत्यदेव दुबे यांच्या सहवासात रंगभूमीचे धडे घेतले. 1974 साली बासू चटर्जी यांच्या ‘रजनीगंधा’ने ते हिंदी चित्रपटाचे नायक झाले. मागोमाग ‘छोटी सी बात’, ‘चितचोर’, ‘घरौंदा’ हे चित्रपट आले. त्या काळचा लोकप्रिय नायक एका दमात दहा गुंडांस लोळवीत असे. हा नवा नायक बसच्या रांगेत उभा राही, साहेबास भिई, आणि मनातली गोष्ट मुलीस सांगावयाची तर त्याच्या घशास कोरड पडे. पांढरपेशा कुटुंबांनी त्यास तत्काळ घरातला मानला. मुलींच्या आयांस तो जावई म्हणून पसंत पडला; याहून मोठे प्रशस्तिपत्र आपल्या समाजात दुसरे कोणते? ‘गोलमाल’मध्ये (1979) तर एक मिशीवाला व एक बिनमिशीचा असे दोन जुळे भाऊ नोकरीसाठी तो एकटाच वठवितो, आणि ती फजिती पाहून अजूनही घरोघर माणसे पोट धरून हसतात.

हे प्रेम असे ओसंडत असतानाच 1981 साली पालेकरांनी ‘आक्रीत’ हा आपला पहिला चित्रपट मराठीत दिग्दर्शित केला. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे गुप्तधनाच्या व संततीच्या लोभाने बायकामुलींचे जे अघोरी खून पडले, त्यांचा आधार या चित्रपटास होता. लेखन विजय तेंडुलकरांचे. आणि त्यातील काळीकुट्ट पुरुषभूमिका दिग्दर्शकाने दुसऱ्या कोणावर न सोपविता स्वतःच केली. जे मुख पाहून घरोघर मुलीच्या आया निश्चिंत झाल्या होत्या, तेच मुख आता असे समोर आले. आवडत्या जावयाने दिवाळसणाला यावे आणि अंगणात प्रेत आणून ठेवावे, तसाच हा प्रकार झाला. फ्रान्समधील नान्त येथील महोत्सवात चित्रपटाचा गौरव झाला. परंतु इकडे ‘गोलमाल’वर जीव टाकणाऱ्या कुटुंबांपैकी कितींनी ‘आक्रीत’ पाहिला, हे वाचकांनी आपल्या नातेवाइकांतच विचारून पाहावे.

यानंतरची वाट त्यांनी सोडली नाही. 1985 साली चिं. त्र्यं. खानोलकरांच्या नाटकावरून ‘अनकही’ निघाला. 1987 साली दूरदर्शनवर ‘कच्ची धूप’ ही मालिका आली. आम्ही तेव्हा विद्यार्थिदशेत होतो आणि आळीतील निम्मी मंडळी एकाच संचापुढे दाटीवाटीने बसत असत. एका परदेशी कादंबरीतील बहिणींची कथा इतकी आपलीशी कशी झाली, याचे नवल वडीलधारी माणसेही करीत. पुढे पावसाची वाट पाहणाऱ्या गावाचा ‘थोडासा रूमानी हो जायें’ (1990), व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1995), रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या जीवनावरील ‘ध्यासपर्व’ (2001), आणि भुताच्या गोष्टीतून स्त्रीच्या इच्छेचा प्रश्न विचारणारा ‘पहेली’ (2005). यांत आम्हांस एक सूत्र दिसते. ज्यांच्याकडे समाजाचे लक्ष जात नाही, किंवा गेले तरी जो ते चटकन काढून घेतो, त्या माणसांपुढे हा दिग्दर्शक आपणांस घटकाभर बसवितो.

सातासमुद्रांपलीकडेही असेच घडल्याचे दिसते. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत 1931 साली जन्मलेला आयव्हन डिक्सन हा कृष्णवर्णीय नट दूरचित्रवाणीवरील ‘होगन्स हीरोज’ या विनोदी मालिकेतील बिनतारी यंत्र सांभाळणाऱ्या सैनिकाच्या भूमिकेने घरोघर पोहोचला. 1973 साली त्याने ‘द स्पूक हू सॅट बाय द डोअर’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. सरकारी गुप्तहेर खात्याने शोभेसाठी नेमलेला एक कृष्णवर्णीय मनुष्य तेथील विद्या शिकून आपल्या वस्तीतील तरुणांस बंडासाठी तयार करतो, ही त्याची कथा. चित्रपट थोड्याच दिवसांत चित्रगृहांतून नाहीसा झाला. डिक्सनने पुढे अनेक वर्षे दूरचित्रवाणीच्या मालिकांचे भाग दिग्दर्शित करून आपला संसार व आपली कला दोन्ही चालविली. 2008 साली तो वारला. त्याच्या व पालेकरांच्या परिस्थितीत जमीनअस्मानाचे अंतर आहे, हे आम्ही जाणतो. डिक्सनला कातडीच्या रंगाने घातलेले कुंपण ओलांडावयाचे होते, पालेकरांना प्रेमाने घातलेले. पण दोघांनाही एकच अनुभव आला: हसविणाऱ्या नटास लोक जितके जवळ करतात, तितके पाहावयास लावणाऱ्या सूत्रधारास करीत नाहीत.

मग हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्यास आमच्यापाशी सिद्धान्त नाही, एक अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत विद्यार्थ्यांच्या शिबिरानिमित्त आम्ही जव्हार तालुक्यातील वांगणी येथे होतो. वावर-वांगणी हे नाव 1992 च्या सुमारास बालकांच्या भूकमृत्यूंमुळे साऱ्या महाराष्ट्राच्या वर्तमानपत्रांत आले, काही महिने गाजले, आणि मग शहरांच्या स्मरणातून गेले. तेव्हा हा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. 2014 पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. या भागास नाट्य परके नाही. जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा होतो, तेव्हा रात्रभर मशालींच्या उजेडात, संबळाच्या तालावर देवादैत्यांचे मुखवटे नाचतात. मुखवट्याआड शेजारचाच मनुष्य आहे, हे पोरासोरांसही ठाऊक असते. तरी नमस्कार होतो तो देवास, आणि उजाडल्यावर तोच मनुष्य निमूटपणे शेतावर जातो. मुखवटा उतरविल्याबद्दल त्याच्यावर कोणी रुसत नाही. ही समज शहरातील प्रेक्षकांस अजून यावयाची आहे.

एका रात्री मुलांनी शाळेच्या भिंतीवर चादर बांधून ‘बनगरवाडी’ दाखविला. धनगरांच्या वाडीवर आलेला कोवळा मास्तर, त्याने जमविलेली शाळा, सर्वांनी मिळून उभारलेली तालीम, आणि अखेरीस दुष्काळाने उठून गेलेली वाडी. बोलपट संपल्यावर बराच वेळ कोणी उठले नाही. मग एक वृद्ध बाई आपल्या बोलीत जे म्हणाली, त्याचा आशय असा: त्या लोकांवर पाऊस रुसला म्हणून ते गेले, आमच्याकडे पाऊस उदंड पडतो, तरी आम्हांस जावेच लागते. आणि खरेच, दिवाळी सरली होती, भाते निघाली होती, आणि भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर निघण्यासाठी कित्येक घरांत बोचकी बांधलेली होती. आईबापांबरोबर मुलेही जावयाची. म्हणजे ज्या शाळेच्या भिंतीवर चित्र उमटले, तीही अर्धी रिकामी व्हावयाची. आमच्यातील एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, मग यांच्यावर चित्रपट का निघत नाही?” बाईने प्रश्न कोणाकडून तरी समजून घेतला आणि हसून ती म्हणाली, काढणारा आमच्यातला असेल तर निघेल.

या उत्तरात आमच्या साऱ्या निबंधाहून अधिक अर्थ आहे. पालेकरांनी आपल्या लोकप्रियतेची ठेव मोडून पांढरपेशांची नजर जेथवर वळविता आली, तेथवर वळविली. एका माणसाकडून एवढे झाले हेही थोडके नव्हे. पण वळविलेली नजर पाहुण्याचीच असते; घरच्या माणसाची नजर वेगळी. वांगणीचा एखादा मुलगा किंवा मुलगी पुढे सूत्रधाराच्या जागी बसेल, तेव्हा चित्र कोणते दाखवावयाचे हे आम्हांस विचारून ठरणार नाही, आणि तेच योग्य. त्या दिवसापर्यंत ती मुले दिवाळीनंतरही शाळेत राहतील, एवढी व्यवस्था व्हावी, हे मात्र इतरांच्या हातचे काम आहे. आणि त्यास कोणत्याही प्रतिभेची गरज नाही.