साडेपाच लाखांतली स्पोर्ट्स कार

'स्पोर्ट्स कार' आणि 'बजेट' हे दोन शब्द एका वाक्यात आले की आमच्या विंगमध्ये हशा पिकतो. त्यात 'रोज कामावर न्यायची' असं जोडलं, तर लोक कपाळाला हात लावून ताप बघतात. पण माझ्या दादाला नेमकी अशीच गाडी हवी होती. सेकंड हँड, सगळं धरून साडेपाच लाखांत बसणारी, रोज निगडी ते चाकण जाणारी आणि महिन्यातून एकदा कराडला घरी नेणारी.

दादाबद्दल दोन ओळी सांगायलाच हव्यात. दहावीनंतर त्याने डिप्लोमा केला आणि डिग्रीचा नाद सोडून सरळ नोकरी धरली, कारण घरात दोघांच्या फिया एकदम भरणं जमण्यासारखं नव्हतं. माझी मेस, माझी परीक्षा फी, सगळं त्याच्या पगारातून जातं. त्याने स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच गोष्ट. आणि शोधायचं काम त्याने माझ्या गळ्यात टाकलं. म्हणाला, "तू मेकॅनिकलवाला ना? मग सांग की." व्हायव्हाला एक्सटर्नलसमोर फुटत नाही एवढा घाम मला तेव्हा फुटला. तिथे चुकलं तर फार तर केटी लागते. इथे चार वर्षांची बचत पणाला होती.

दादाच्या मनात होती माझदा एमएक्स-५. १९८९ साली आलेली ही दोन सीटची छोटी गाडी. ताकद बेताची, पण वजन हजार किलोच्या आत, म्हणून वळणावर मजा. जगात कुठेही 'स्वस्तातली जुनी स्पोर्ट्स कार' म्हटलं की तिचं नाव निघतंच. पण ती आपल्याकडे कंपनीने कधी विकली नाही, आणि तीन वर्षांहून जुनी गाडी बाहेरून आणायला आपले नियम आडवे येतात. गोव्यात बनलेली फायबर बॉडीची सॅन स्टॉर्म होती, पण तिचे पार्ट कुठून आणणार? शिवाय दोन सीटच्या गाडीत आई-आप्पांना कुठे बसवणार? तेव्हा एमएक्स-५ कडून फक्त धडा घेतला: नुसती ताकद बघू नका, ताकदीला वजनाने भागा.

मग कागदावर तीन नावं आली. तिन्ही दिसायला साध्या हॅचबॅक, इंजिन मात्र टर्बो. २०१३ ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय: १०५ पीएस, वजन सुमारे ११०० किलो. २०१५ ची फियाट अबार्थ पुंटो: १४५ पीएस, वजन सुमारे १२०० किलो. आणि २०१७ ची मारुती बलेनो आरएस: तीन सिलिंडरचं एक लिटरचं इंजिन, १०२ पीएस, वजन ९५० किलो. भागाकार केला तर टनामागे अनुक्रमे ९५, १२१ आणि १०७ पीएस. म्हणजे सर्वात लहान इंजिनवाली बलेनो पोलोच्या पुढे!

गणिताप्रमाणे अबार्थच घ्यायला हवी होती. दादाचे डोळेही तिच्यावरच. पण पुंटोची विक्री भारतात २०१९ मध्ये थांबली. हौसेची दुसरी गाडी असेल तर पार्टसाठी महिनाभर थांबता येतं, रोजच्या गाडीला ते परवडत नाही. पोलोत सात गिअरचा डीएसजी. त्यात दोन कोरडे क्लच असतात. मोशी ते चाकण गाडी मुंगीच्या पावलाने सरकते, तेव्हा हे क्लच अर्धवट धरून घासत राहतात आणि तापतात. पुढे त्या गिअरबॉक्सचं काम निघालं, तर बिल आपल्या वर्षाच्या फीशी स्पर्धा करतं. बलेनोत साधा पाच गिअरचा मॅन्युअल, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि बरेचसे पार्ट नेहमीच्या बलेनोचेच.

आप्पांनी फोनवर एकच अट घातली होती. "तुला पायजे ती घे बाबा. पर आईला गुडघं धरून वाकाय लागलं, तर ती गाडी दारात आणायची न्हाई." या एका वाक्याने स्प्रिंगा बदलून खाली बसवलेल्या सगळ्या गाड्या बाद झाल्या. हे बरंच झालं. आधीच्या मालकाने रीमॅप करून टर्बोचं प्रेशर वाढवलेलं असेल, तर जादा टॉर्क क्लच आणि गिअरबॉक्स सोसत असतात. मजा त्याने मारलेली असते, बिल आपण भरतो.

आम्ही सहा गाड्या पाहिल्या. एका डीलरने ४२ हजार किलोमीटर दाखवले, पण क्लच पेडलचं रबर पार गुळगुळीत झालेलं. सर्व्हिस रेकॉर्ड काढलं तर वर्षापूर्वीच ७१ हजार! तुमच्यासाठी थोडक्यात यादी देतो. गाडी सकाळी, इंजिन गार असतानाच सुरू करून बघा. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. ऑईलच्या झाकणाखाली दुधासारखा थर दिसला तर हात जोडून निघा. टायरवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. बॉनेटच्या बोल्टांवरचा रंग उडालाय का पाहा. थकलेली चलनं आणि बँकेचा बोजा तपासा. बलेनो आरएसबद्दल एक खास: ब्रेकला मदत करणाऱ्या व्हॅक्यूम पंपातल्या संभाव्य दोषामुळे कंपनीने एप्रिल २०२३ मध्ये ७,२१३ गाड्या परत बोलावल्या होत्या. ते काम झालंय का, हे चेसिस नंबरवरून विचारून घ्या.

शेवटी एका बँकवाल्या काकांची २०१७ ची आरएस मिळाली. एकच मालक, ५८ हजार किलोमीटर, चार लाख साठ हजार. दादा म्हणाला, "अजून नव्वद हजार आहेत, जरा वरची बघू का?" मी नाही म्हटलं. मला सगळ्यांना सांगायचंय ते हेच. बजेटचा निदान सहावा हिस्सा गाडी घेतल्यानंतरसाठी असतो. त्यातून चार टायर, ब्रेक फ्लुइड, ऑईल, कूलंट, इन्शुरन्स आणि ट्रान्सफर झालं. उरलेले तीस हजार गाडीच्या आजारपणासाठी वेगळ्या खात्यात ठेवलेत.

पहिल्यांदा घरी जाताना खंबाटकी चढलो. तिसरा गिअर, दोन हजार आरपीएम, आणि टर्बोने मागून ढकलल्यावर दादा जे हसला, तसा मी त्याला दहावीनंतर पाहिला नव्हता. घरी आई आरामात आत बसली, इकडे तिकडे बघून म्हणाली, "ही तर साधीच गाडी हाय की रं!" दादाने माझ्याकडे बघून डोळा मारला.

आणि हो, या महिन्याचं माझं मेस-बिल त्याने वेळेवर भरलंय. तेव्हा निवड बरोबर आली म्हणायची.