भातवडीच्या वाटेवर

दोस्तांनो, देवळाली प्रवराहून नगरची एस. टी. पकडा. दोन्ही बाजूंना ऊस, मग राहुरी फॅक्टरी, मुळा नदीचा पूल, विळद घाट आणि आलंच की नगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर! तिथून जवळच भातवडी हे लहानसं गाव आहे. १६२४ साली इथेच मलिक अंबरनं मोगल आणि आदिलशाही फौजांना धूळ चारली. शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. त्यांचे भाऊ शरीफजी इथंच धारातीर्थी पडले.

हा अंबर कोण, ठाऊक आहे? इथिओपियातला मुलगा. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला, एका धन्याकडून दुसऱ्याकडे जात दख्खनमध्ये पोचला. १६०० साली मोगलांनी नगरचा किल्ला घेतला, तरी यानं निजामशाही जगवली. गनिमी कावा वापरला, जमिनीचा सारा नीट ठरवून दिला, खडकी शहर वसवलं. तेच आजचं छत्रपती संभाजीनगर.

कुणी म्हणेल, "बघा, गुलामगिरीमुळेच तो मोठा झाला!" थांबा हं! सुलतान हबशी गुलामांना फौजेत घेत. कारण ज्याला घरदार नाही, तो धन्यालाच धरून राहणार. असे कितीतरी जण लढले, मेले. त्यांची नावं कुठं आहेत? राज्य त्यांच्याही घामावर उभं राहिलं.

आणि अंबर? हे नावसुद्धा एका मालकानं ठेवलेलं, बरं का! मग तो गुलामगिरीमुळे मोठा झाला, की ती सोसूनही? आज जेवताना आईबाबांशी जरूर वाद घाला!