रिकाम्या चौकटीत शून्य नको

३ जुलै २०२५, गुरुवार

दुपारभर पाऊस. मानकोली नाक्यापासून दापोड्याच्या गोदामांपर्यंत कंटेनर एकामागे एक खोळंबलेले. संध्याकाळी माझी विद्यार्थिनी भिजतच आली. दिवसा ती इथल्याच एका गोदामात स्कॅनर घेऊन मालाची मोजणी करते आणि रात्री एम.एस्सी.चा प्रकल्प. आजोळ सातपाटीचं, त्यामुळे विषय मासळीचा निवडलाय: बंदरांवर उतरलेल्या मासळीच्या तक्त्यात काही महिन्यांचे आकडे नसतील, तर ते अंदाजाने कसे भरायचे.

तक्ता उघडला तर रिकाम्या चौकटींमध्ये तिने सरसकट शून्य घातलेलं. “त्याशिवाय प्रोग्रॅम पुढे सरकत नव्हता, मॅडम.” मी विचारलं, तुमच्या गोदामात रॅकचा एक कप्पा स्कॅन करायचा राहिला, तर तिथे शून्य लिहिता का? म्हणाली, “छे! तो कप्पा मोजणी बाकी म्हणून लाल दिसतो. शून्य लिहिलं तर माल संपला असं धरून पुढच्या ऑर्डरी रद्द होतील.” एवढं बोलली आणि तक्त्याकडे बघत गप्प बसली. मग एकेक शून्य खोडायला लागली. मासळी न मिळणं आणि मासळी न मोजली जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिला आता वेगळं सांगायला नको.

५ जुलै, शनिवार

आज मोजणीची पद्धत समजावली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था १९४७ साली सुरू झाली. देशाच्या किनाऱ्यावर रोज उतरणारी सगळी मासळी मोजणं कुणालाच शक्य नाही, म्हणून नमुना घेतला जातो. किनाऱ्याचे विभाग पाडतात. महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग करतात. पहिल्या पाच तारखांमधून एक तारीख चिठ्ठीने निघते, समजा ४ आली. मग ४-५, ६-७, ८-९ अशा जोड्या, पुढे १४-१५, २४-२५ अशा दहा-दहा दिवसांच्या अंतराने. महिन्याला साधारण नऊ जोड्या, आणि त्या जोड्यांना बंदरंही चिठ्ठीनेच वाटून दिलेली. मोजणारा माणूस पहिल्या दिवशी दुपारी बारा ते संध्याकाळी सहा बंदरावर असतो, दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते बारा. मधल्या रात्री काय उतरलं ते विचारून लिहायचं. पंधरापर्यंत होड्या आल्या तर सगळ्या बघायच्या. पन्नास किंवा जास्त आल्या तर पाचातली एक.

तिचा प्रश्न नेमका होता: “म्हणजे यात बहुतेक दिवस रिकामेच की!” रिकामे आहेत, पण ते मुद्दाम सोडलेले. कुठला दिवस सुटणार हे चिठ्ठीने ठरवलंय, त्यामुळे मोजलेल्या दिवसांवरून महिन्याचा अंदाज बांधता येतो आणि तो किती चुकू शकेल हेही सांगता येतं. पंचाईत होते ती चिठ्ठीत निघालेला दिवस मोजायचा राहून गेला की. तो का राहिला, हे चिठ्ठीला माहीत नसतं.

९ जुलै, बुधवार

‘का राहिला’ यावरच आज दोन तास गेले, आणि ते जायलाच हवे होते. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ साली गहाळ माहितीचे जे प्रकार मांडले, ते आम्ही बंदरावर आणून बसवले.

मोजणारा तापाने घरी राहिला. त्याच्या तापाचा मासळीशी काही संबंध नाही. असा दिवस गाळला तरी अंदाज एका बाजूला झुकत नाही, फक्त थोडा ढिला होतो.

दुसरं, बंदर आडवळणाचं आहे आणि पावसाळ्यात तिथली एसटी बंद पडते. इथे आकडा गहाळ होण्यामागे बंदर आणि महिना ही कारणं आहेत. दोन्ही आपल्या हातात आहेत, तेव्हा त्यांचा हिशेब धरून चौकट भरता येते.

तिसरा प्रकार वाईट. आकडा जसा आहे तसा आहे म्हणूनच तो गहाळ होतो. भरपूर मासळी मिळाली आणि चांगल्या भावासाठी होडी परस्पर दुसऱ्या बंदराला लागली; किंवा समुद्र खवळला, होड्या गेल्याच नाहीत आणि मोजणाराही फिरकला नाही. अशा वेळी हातातल्या आकड्यांवरून मधलं भोक भरलं की उत्तर हमखास एका अंगाला कलतं. पहिल्या उदाहरणात कमी, दुसऱ्यात जास्त.

तिसरा प्रकार ओळखायची खूण तक्त्यात नसते. त्यासाठी बंदरावरच्या माणसांनाच विचारावं लागतं. तिने आजोळी फोन करायचं ठरवलंय.

१३ जुलै, रविवार

कल्पित आकडे घेऊन सराव. ‘अ’ बंदरावर दोन महिन्यांत ४० आणि ६० टन, तिसरा महिना कोरा. शेजारच्या ‘ब’ बंदरावर त्याच तीन महिन्यांत २०, ३० आणि १० टन. तिने आधी ‘अ’ची सरासरी काढून ५० लिहिलं. मग ‘ब’कडे पाहिलं. दोन्ही महिने ‘अ’ची मासळी ‘ब’च्या दुप्पट आहे आणि तिसऱ्या महिन्यात ‘ब’ घसरलाय. तेव्हा ‘अ’ साठी २० हा जास्त धडाचा अंदाज. ५० आणि २०. एका चौकटीत एवढा फरक पडत असेल, तर वर्षाच्या बेरजेत काय होत असेल!

पण २० हाही एकच आकडा झाला. तो लिहून मोकळं झालं की तक्ता समुद्रापेक्षा शांत दिसायला लागतो, कारण भरलेल्या आकड्यांमध्ये खरे चढउतार उरत नाहीत. म्हणून एकाच चौकटीत एक नव्हे, वेगवेगळे शक्य आकडे भरायचे, प्रत्येक भरणीचा स्वतंत्र तक्ता करून हिशेब मांडायचा आणि सगळी उत्तरं एकमेकांपासून किती फाकतात ते शेवटच्या उत्तरासोबत सांगायचं. रुबिन यांचाच हा मार्ग. वेळखाऊ आहे, पण मला सर्वांत प्रामाणिक वाटतो.

१९ जुलै, शनिवार

सकाळी काल्हेरच्या बाजूला बाजाराला गेले. समुद्रात यांत्रिक नौकांना ३१ जुलैपर्यंत बंदी, त्यामुळे टोपल्यांमध्ये खाडीचीच मासळी: चिंबोऱ्या, निवट्या, थोडी बोय. आज तीही कमी. मासेवाली मावशी म्हणाली, “भांग लागलाय बाय, पाण्याला जोर नाय.” कॅलेंडर पाहिलं, आषाढ वद्य नवमी.

घरी येऊन ताबडतोब विद्यार्थिनीला फोन केला. तिच्या तक्त्यातले रोजचे आकडे डोल जाळ्याचे आहेत. डोल म्हणजे भलीमोठी पिशवी. ती प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात रोवलेली असते आणि तिच्यात मासळी आणायचं काम भरती-ओहोटीचा ओढा करतो. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली सगळं त्या ओढ्यावर. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढा जोराचा, अष्टमीच्या मागेपुढे भांगाला मंद. म्हणजे भांगाचा एक दिवस कोरा राहिला आणि तो महिन्याच्या सरासरीने भरला, तर उधाणाची मासळी भांगात जाऊन बसते. आठवड्यापूर्वीचा दिवस घेतला तर आणखी फसगत, कारण भांगाच्या आठवडाभर आधी उधाण असतं. घ्यायचा तर पंधरवड्यापूर्वीचा, तिथी जुळवून.

“म्हणजे तारखेच्या शेजारी तिथीचा रकाना घालू?” तिने विचारलं. घालच म्हटलं. सातपाटीहून आजोबांनीही तिला हेच सांगितलं होतं, पण प्रकल्पात तिथी कशी लिहायची म्हणून ती संकोचली होती. पाण्याच्या ओढ्याचं माप ज्यात आहे तो रकाना गणितात यायलाच हवा.

आजोबांनी आणखी एक गोष्ट सुचवली: संस्थेच्या वह्या. मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत होड्यांना डिझेल मिळतं. बर्फाचीही नोंद असते. मासळी मोजायची राहिली तरी त्या दिवशी किती होड्यांनी डिझेल आणि बर्फ उचलला हे सापडू शकतं. कोऱ्या चौकटीला यापेक्षा चांगला साक्षीदार कुठला?

२२ जुलै, मंगळवार

वर्षांचे आकडे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २०१८ साली २.९५ लाख टन मासळी उतरली, २०१९ साली २.०१ लाख टन. पंचेचाळीस वर्षांतला नीचांक. त्या वर्षी अरबी समुद्रात वायू, हिक्का, क्यार, महा अशी वादळं एकामागून एक आली. वादळाचा दिवस रिकामा दिसला आणि शांत दिवसांवरून तो भरला, तर त्या वर्षीची घट तक्त्यातून नाहीशी होईल आणि कोळ्यांचं नुकसानही तिच्याबरोबर पुसलं जाईल.

मग २०२०. देशभराची मासळी ३५.६ लाख टनांवरून २७.३ लाख टनांवर आली. २५ मार्चला टाळेबंदी लागली. १० एप्रिलला केंद्राने सागरी मासेमारीला सूट दिली. पहिल्या पंधरवड्यात होड्या नांगरून होत्या, तेव्हा तिथलं शून्य बहुतांशी खरं शून्य. सूट मिळाल्यावर होडी जाऊ शकत होती, पण लोकल बंद. मोजायला निघालेला माणूस बंदरावर पोहोचणार कसा? तिथली कोरी चौकट खरोखरच कोरी. एकाच महिन्यात, एकाच रकान्यात दोन्ही, आणि कागदावर दिसायला अगदी सारखी.

२७ जुलै, रविवार

आज पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांची जयंती. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्म, शिक्षण फर्ग्युसनमध्ये आणि मग लंडनला. भारतीय कृषी संशोधन परिषदेत संख्याशास्त्राचा पाया त्यांनी घातला, पुढे रोमला जागतिक अन्न व कृषी संघटनेत गेले. सुखात्मे, विनायक गोविंद पानसे आणि शास्त्री यांचा भारतातल्या सागरी मासळीच्या नमुना-मोजणीवरचा लेख १९५८ साली ‘बायोमेट्रिक्स’मध्ये आला. पिकांच्या मोजणीत शेत जागेवर असतं. मासळी मोजायची तर होडी कधी आणि कुठे लागेल याचीच खात्री नाही. ही अडचण त्यांनी तेव्हाच हाती घेतली होती. आपल्या महाविद्यालयांत सुखात्म्यांचं नाव पोषणाच्या वादापुरतं येतं, हे मला फार खटकतं. मासळीवरचं हे काम पदवीच्या वर्गात शिकवलं पाहिजे.

१ ऑगस्ट, शुक्रवार

बंदी उठली. आज श्रावण शुद्ध अष्टमी, म्हणजे भांगाचे दिवस. बरेच कोळी नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय समुद्रात जाणारही नाहीत. सुरुवातीचे आकडे लहान दिसले तर त्याला ही दोन्ही कारणं आहेत, असं तिने तक्त्याखाली आधीच लिहून ठेवलंय.

तक्ता पुरा झाला. भरलेल्या प्रत्येक आकड्याशेजारी तारा, ताऱ्याखाली कारण आणि तो कशावरून भरला ते. दोन चौकटी तिने कोऱ्याच ठेवल्या, कारण त्या का रिकाम्या राहिल्या हे आजोळी कुणालाच सांगता आलं नाही. मी तो निर्णय मान्य केला.

मासेमारीबंदी किती दिवसांची असावी, वादळाची भरपाई कुणाला मिळावी, पापलेट खरंच घटतंय का, हे सगळं अशाच तक्त्यांवरून ठरतं. म्हणून मासळीचे आकडे गोळा करणाऱ्या आणि छापणाऱ्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: मोजलेला आकडा आणि भरलेला आकडा एकाच शाईत छापू नका.