सोपाऱ्याच्या दगडापुढे

कल्याणहून सकाळची लोकल धरून आम्ही घरची पाच माणसे मुंबईला निघालो. सोबत भाकरी-चटणीची शिदोरी आणि म्हातारी आई. ठिकाण ठरलेले : छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय.

पाहायचा होता एक दगड. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्या काळात सोपाऱ्याला मिळालेला, सम्राट अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा. सोपारा म्हणजे आजचे नालासोपारा. त्या काळचे मोठे बंदर.

अक्षरे ब्राह्मी. पूर्वीचे राजे शिकारीला, मौजेला फिरत. आपण मात्र बोधिस्थानी गेलो आणि धम्मयात्रा सुरू झाली, असे अशोक या लेखात सांगतो. वृद्धांना भेटावे, त्यांना मदत द्यावी, खेड्यापाड्यांतल्या लोकांशी बोलावे, अशी ती यात्रा. आईला लिहितावाचता येत नाही. ऐकून म्हणाली, "म्हणजे राजा आपल्यासारख्यांना भेटायला यायचा!"

धाकट्याने विचारले, "मग आपल्या कल्याणचे काय?"

कल्याणही बंदरच होते. तिथल्या सामिदत्त सोनाराने कान्हेरीच्या लेण्यांत पाण्याचे टाके दिले, नंद लोहाराने वाट करून दिली. दोघांची नावे तिथल्या खडकात कोरलेली आहेत.

आम्ही कारखान्यात लोहारकाम करतो. शाळेत हे सांगायला मुलगा लाजायचा. परतताना गाडीत शेजारच्या प्रवाशाला तोच सांगू लागला, "आमचे बाबाही लोहारच आहेत."

पुढच्या सुट्टीत कान्हेरीला जायचे ठरले आहे. वाचकहो, तुम्हीही मुलांना घेऊन जा.