सिस्टरचा पहिला पगार

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस पिशोरच्या एका कुटुंबाला भेट द्यावयास आम्ही गेलो होतो. घरातील थोरली मुलगी जीएनएमचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी पदरी घेऊन नुकतीच परतली होती. मका आणि कापूस यांवर चालणारे घर. तिच्या शिक्षणासाठी वडिलांनी बँकेचे कर्ज काढले होते आणि आईने गळ्यातले मोडले होते. प्रार्थना झाली, चहा झाला, आणि मुलीने एक कागद आमच्यापुढे ठेवला.

ते शहरातील एका साठ खाटांच्या खाजगी रुग्णालयाचे नियुक्तिपत्र होते. दरमहा ११,००० रुपये. त्यातून राहण्याजेवणाचे ३,००० वजा. दोन वर्षांचे बंधपत्र. आणि मूळ प्रमाणपत्रे रुग्णालयाच्या कपाटात जमा.

“फादर, हे बरं आहे का?” आईने विचारले.

“मी तर तीस हजार धरून बसले होते,” मुलगी हळूच म्हणाली. तिची मावसबहीण सरकारी रुग्णालयात आहे. तिच्या पगारावरून हिने आपला अंदाज बांधला होता.

अशा वेळी द्यावयाचे उत्तर आम्हांला पाठ होते. आधी सेवा कर, अनुभव घे, पगार मागाहून येतो. ते ओठांपर्यंत आले आणि तेथेच अडले. त्याचे कारण वाचकांपासून लपविण्यात अर्थ नाही.

वीसेक वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, तेथील लहानशा दवाखान्याचा हिशेब आमच्या हाती होता. परिचारिकेस आम्ही ‘मानधन’ देत असू. मोठा सोयीचा शब्द! त्यात मान पुष्कळ आणि धन थोडे. तिने दोनदा वाढ मागितली; दोन्ही वेळा आम्ही तिला सेवेची महती ऐकविली. तिसऱ्यांदा तिने मागणी केली नाही, आखाती देशात नोकरी धरली. निरोप घेताना ती एवढेच म्हणाली, “फादर, व्रत सिस्टरांनी घेतलंय. मी नाही.”

ते बोलणे आमच्या मनातून गेले नाही. आपल्या दवाखान्यांतून धर्मभगिनींनी पिढ्यान्‌पिढ्या शुश्रूषा केली. त्यांनी दारिद्र्याचे व्रत स्वेच्छेने घेतलेले असते. आजारपणात आणि म्हातारपणी त्यांच्यामागे मठ उभा असतो. पण मराठी माणूस प्रत्येक परिचारिकेला ‘सिस्टर’ म्हणतो, आणि त्या एका हाकेसरशी संसारी मुलीच्या गळ्यातही आपण नकळत ते व्रत अडकवितो. तिच्यामागे मठ नसतो. तिच्यामागे बँकेचा हप्ता असतो. औषधे पुरविणाऱ्याकडे जाऊन ‘सेवा म्हणून निम्म्या दरात द्या’ असे आम्ही एकदाही म्हटले नव्हते, हे आता आठवले की लाज वाटते.

वास्तविक आम्हांस हे कळावयास हवे होते. सेमिनरीत पोप लेओ तेरावे यांचे १८९१ सालचे कामगारविषयक परिपत्रक आम्ही अभ्यासले होते. गरजेने गांजलेला कामगार अपुऱ्या वेतनाला ‘हो’ म्हणाला, तरी तेवढ्याने तो करार न्याय्य ठरत नाही, हा त्याचा गाभा. आम्ही त्यावर परीक्षेत उत्तर लिहिले आणि दवाखान्याच्या वहीत मानधन.

असो. मुलीच्या कागदाकडे वळू या.

खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाचा प्रश्न त्यांची संघटना सर्वोच्च न्यायालयात घेऊन गेली होती. जानेवारी २०१६ मध्ये न्यायालयाने केंद्र सरकारला समिती नेमावयास सांगितले. त्या समितीने खाटांच्या संख्येवरून हिशेब लावला. दोनशेहून अधिक खाटा असतील तर वेतन राज्य सरकारच्या परिचारिकेइतके; शंभराहून अधिक असतील तर त्याहून फार तर १० टक्के कमी; पन्नास ते शंभर असतील तर फार तर २५ टक्के कमी; आणि पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयातही २०,००० रुपयांच्या खाली नाही.

आम्ही नियुक्तिपत्राच्या पाठीवरच आकडेमोड केली. महाराष्ट्र शासनाच्या अधिपरिचारिकेचे मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. महागाई भत्ता वेगळा. भत्ता सोडून दिला आणि २५ टक्के वजा केले, तरी साठ खाटांच्या रुग्णालयाला २६,५५० येतात. म्हणजे मुलीचे तीस हजार काही हवेतले नव्हते.

मात्र शिफारस म्हणजे कायदा नव्हे. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने केंद्राने ती राज्यांकडे पाठविली. केरळात २०१७ साली परिचारिका संपावर उतरल्या, तेव्हा कोठे २०१८ मध्ये २०,००० रुपये किमान मूळ वेतनाची अधिसूचना निघाली. पिशोरची एकटी मुलगी संप तो काय करणार? परंतु किती मागावे हे ठाऊक नसलेली मुलगी मिळेल त्यावर सही करते, आणि ते समोरच्याला पक्के ठाऊक असते.

म्हणून आम्ही तिला सांगितले, की खाटा किती हे विचार. रात्रपाळीला एका परिचारिकेकडे किती रुग्ण असतात ते विचार. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू होतो, तेव्हा तो कापणार की नाही हेही विचार. प्रमाणपत्रांच्या छायाप्रती दे. मूळ कागद कोणालाही देऊ नकोस, आम्हांलासुद्धा नाही.

“इतकं विचारलं तर नोकरी देतील का?” वडील म्हणाले. त्यांची भीती खोटी नव्हती. आमच्या सल्ल्याने तिची नोकरी गेली असती, तर हप्ता त्यांनाच भरावा लागला असता, आम्हांला नव्हे.

तीन आठवड्यांनी, रविवारच्या मिस्सानंतर ती भेटली. १६,००० ठरले होते. बंधपत्र एका वर्षावर आले होते. मूळ प्रमाणपत्रे घरच्या पेटीत होती. “ताईच्या निम्म्याहून कमीच, फादर,” ती म्हणाली. आम्ही तिला शाबासकी दिली. ती तिने फारशी मनावर घेतली नाही.

त्याच रात्री आम्ही आमच्या जुन्या धर्मग्रामाच्या धर्मगुरूंना पत्र लिहिले. तेथे दवाखान्यात आज जी परिचारिका आहे, तिला दरमहा काय मिळते, एवढेच विचारले आहे. उत्तर अजून यावयाचे आहे.