रंगाची काच आणि धुके

परवा दुपारी नातवाने मला हाताला धरून आपल्या संगणकापुढे नेऊन बसविले. येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात तो शिकतो आणि दोघा-तिघा मित्रांसह एक खेळ तयार करीत आहे. पडक्या किल्ल्याच्या तळघरात अडकलेला मुलगा वाट शोधीत बाहेर पडतो, असे त्याचे कथानक. "आजी, आता नुसती बघ हं," असे म्हणून त्याने एक कळ दाबली, आणि भर उन्हातला किल्ला क्षणात चांदण्यात न्हाऊन निघाला. दुसरी कळ दाबताच सबंध पडदा तांबडा झाला. मुलाला इजा झाली की तसे होते म्हणे.

"अरे, हे तर तुझ्या आजोबांचे काम!" मी म्हणाले.

येथील मराठी मंडळी गणेशोत्सवात नाटक बसवीत, तेव्हा प्रकाशयोजना माझ्या यजमानांकडे असे. जिलेटिनचे रंगीत कागद चौकटीत बसवून ते दिव्यांपुढे सरकवावयाचे. दिवे मंद करावयाचे तर बरणीतल्या मिठाच्या पाण्यात धातूची पट्टी जपून वर-खाली करावयाची. एका वर्षी खलनायकाच्या प्रवेशाला त्यांनी झगझगीत तांबडा प्रकाश सोडला, आणि नायिकेचा हिरवागार शालू एकदम काळा दिसू लागला. सुवासिनीच्या अंगावर काळे वस्त्र पाहून पुढच्या रांगेतल्या बायका कुजबुजू लागल्या. यजमान आठवडाभर खट्टू होते.

नातू हसला. "आजी, तेच गणित मी करतो." मग त्याने मला समजावून सांगितले. त्याचा पडदा म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० असे ठिपके, एकूण २०,७३,६००. प्रत्येक ठिपक्यात तांबडा, हिरवा व निळा यांचे प्रमाण ० ते २५५ या अंकांत ठरलेले. चांदणे हवे असेल तर निळा तसाच ठेवून बाकीच्या दोघांना अर्ध्याने वगैरे गुणावयाचे. तांबडा प्रकाश हवा असेल तर हिरव्याला व निळ्याला शून्याने गुणावयाचे. हिरव्या शालूत तांबडे नव्हतेच. मग उरणार काय? काळे! शेडर नावाचा एक छोटासा कार्यक्रम हा गुणाकार प्रत्येक ठिपक्यासाठी सेकंदाला ६० वेळा करतो. यजमानांची आठवडाभराची हळहळ नातवाने एका वाक्यात उलगडली.

ही युक्ती तशी जुनीच. मूकपटांच्या काळी फीत रंगाच्या पाण्यात बुडवीत. दिवसा चित्रित केलेला प्रसंग निळा केला की रात्र होई, तांबडा केला की आग. नातवाने सांगितले की, १९७८ साली जपानात निघालेल्या 'स्पेस इन्व्हेडर्स' या खेळाच्या कृष्णधवल पडद्यावरही रंगीत पारदर्शक पट्ट्या लावलेल्या असत. त्यावरून मला आमचा पहिला दूरदर्शन संच आठवला. १९८२ साली दूरदर्शन रंगीत झाले, पण रंगीत संच आम्हांला परवडण्यासारखा नव्हता. तेव्हा वर निळा, मध्ये तांबूस आणि खाली हिरवा असा प्लास्टिकचा कागद आणून पडद्यापुढे टांगला. बातम्या सांगणाऱ्या बाईंचे कपाळ निळे दिसे आणि हनुवटी हिरवी. तरी शेजारची मुले कौतुकाने पाहावयास येत.

"आता शेवटचा रंग," नातू म्हणाला. तळघरात विषारी वायू पसरतो तो प्रसंग. पडदा गर्द हिरवा झाला. विष म्हणजे हिरवे, असा या खेळांतला संकेतच आहे म्हणे. "कसे वाटते?" त्याने विचारले.

मी काही वेळ बोललेच नाही. मग म्हणाले, "बाळा, वायू असा दिसत नाही."

२ डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री आम्ही शाहजहानाबादेत राहत होतो. मध्यरात्रीनंतर मिरच्या जाळल्यासारखा ठसका लागून जाग आली. रस्त्यावरच्या दिव्याभोवती पांढुरके धुके होते, आणि कोपऱ्याकोपऱ्यांतला काळोखही पांढुरका झाला होता. मुलांना घेऊन आम्ही निघालो. थोड्याच वेळात माझे डोळे सुजून मिटले. यजमानांच्या सदऱ्याचे टोक मुठीत धरून मी तात्या टोपे नगरापर्यंत चालत गेले. नंतर काही दिवस दिव्याभोवती नुसती कडी दिसत. यजमानांचा खोकला मात्र अखेरपर्यंत सुटला नाही. आणि ज्यांना त्या रात्री जागच आली नाही, त्या शेजाऱ्यांविषयी मी घरात आजवर बोलले नव्हते.

नातू बराच वेळ गप्प होता. मग हलकेच म्हणाला, "म्हणजे ती काच नव्हती, आजी, धुके होते. गुणाकाराने काळे काळेच राहते. येथे वरून पातळ पांढरा थर घालावयास हवा, म्हणजे प्रत्येक ठिपक्यात थोडा तो आणि थोडा थर असे मिसळेल, आणि काळेही उजळेल." त्याने हिरवा पुसून टाकला. मी सांगत गेले, तो बदलत गेला. आणखी थोडे पांढरे. आता कडा विरघळू देत. एका क्षणी मी पदर तोंडाशी नेला, तेव्हा त्याने हात थांबविला.

"हे ठेवू, की काढून टाकू?"

"ठेव," मी म्हणाले. "मात्र त्या मुलाला एकटा सोडू नकोस. धरावयाला सदरा तरी असू दे."

वाचकहो, आपापल्या घरांतल्या मुलांची ही कामे आपल्याला कळावयाची नाहीत असे समजून आपण दूर बसतो. कधी जवळ जाऊन बसावे. त्यांच्या संकेतांत न बसणारा एखादा रंग आपल्याजवळच जपलेला असतो, आणि विचारल्यावाचून तो कोणाला कळत नाही.

काल त्याने पुन्हा बोलावून दाखविले. पांढुरक्या तळघरात मुलापुढे एक पाठमोरा गृहस्थ चालला होता, आणि मुलाच्या मुठीत त्याच्या सदऱ्याचे टोक होते.