कंसातली ओळ

शुक्रवारी संध्याकाळी सव्वासहाला मी एंटर दाबला आणि स्क्रीन गप्प झाली. कर्सर लुकलुकत होता, पण टाइप केलेलं एक अक्षरही उमटत नव्हतं. आधी वाटलं ऑफिसचं नेट गेलं. शेजारच्याचं चालू होतं. मग वाटलं लॅपटॉप अडकला. तोही नीट होता. मग हळूहळू पोटात गोळा आला.

मी पुण्यात हिंजवडीला बसले होते आणि मशीन मुंबईत एका डेटा सेंटरमध्ये होतं. त्यावर एका औषध वितरकाचं ऑर्डर घ्यायचं सॉफ्टवेअर चालायचं. नोकरी लागून मला पाच महिने झाले होते. काम साधं होतं: त्या मशीनवरचे फायरवॉलचे नियम साफ करायचे. वर्षानुवर्षं वेगवेगळ्या लोकांनी घातलेल्या साठेक ओळी होत्या, त्यातल्या निम्म्या कशासाठी आहेत हे कुणालाच सांगता येत नव्हतं. मी वहीत नवी यादी लिहिली होती. आधी जुनं सगळं पुसायचं, मग नवं एकेक घालायचं. पुसायची आज्ञा कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये शंभरदा दिलेली: आयपीटेबल्स, डॅश, मोठा एफ. लॅबमध्ये ती दिली की सगळं मोकळं व्हायचं. कुणीही कुणालाही पिंग करू शकायचं.

इथे ती दिली आणि मीच बाहेर फेकले गेले. माझ्यासोबत त्या वितरकाची सगळी गिऱ्हाइकंही.

हे का झालं ते कळायला पॅकेट फिल्टर कसा चालतो ते थोडं सांगावं लागेल. नेटवरून जे काही जातं ते पाकिटांच्या तुकड्यांत जातं. प्रत्येक पाकिटावर हेडर असतो. आयपी आवृत्ती चारमध्ये तो किमान २० बाइटचा. कुठून आलं, कुठे जायचंय, कुठल्या प्रोटोकॉलचं आहे हे त्यात लिहिलेलं. त्याच्या पुढच्या हेडरमध्ये पोर्ट नंबर. पॅकेट फिल्टर एवढंच वाचतो, आत काय आहे ते उघडून बघत नाही. लिनक्सचं कर्नल हाताशी असलेली यादी वरून खाली वाचत जातं आणि ज्या नियमात पाकीट बसतं तो पहिला नियम लागू होतो. आत घे, किंवा टाकून दे. ओपनबीएसडीमध्ये पीएफ नावाचा फिल्टर आहे, २००१ च्या डिसेंबरमध्ये आलेला, त्यात उलटं: शेवटचा जुळलेला नियम जिंकतो, मध्येच 'क्विक' लिहिलेलं नसेल तर. पहिलं वाक्य अंतिम मानायचं की शेवटचं, हे ज्याच्या त्याच्या घरावर आहे.

पण पाकीट कुठल्याच नियमात बसलं नाही तर? त्यासाठी पॉलिसी असते. यादी मागवली की सगळ्यात वरच्या ओळीत साखळीचं नाव येतं आणि त्यापुढे कंसात पॉलिसी: अ‍ॅक्सेप्ट किंवा ड्रॉप. कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर तिथे अ‍ॅक्सेप्ट होतं. या मशीनवर ड्रॉप होतं. डॅश एफने नियम पुसले जातात, पॉलिसी पुसली जात नाही. मी आत यायला परवानगी देणारे सगळे नियम पुसले आणि 'बाकी सगळं फेकून द्या' हे तसंच ठेवलं. ती कंसातली ओळ माझ्या डोळ्यांसमोर दिवसभर होती. मी नियम वाचत होते.

सीनिअरना फोन लावला. ते घरी निघाले होते, मागे ट्रॅफिकचे हॉर्न ऐकू येत होते. मी रडवेल्या आवाजात काय केलं ते सांगितलं. ते दोन सेकंद गप्प राहिले, मग म्हणाले, "नियम सेव्ह केलेस का?"

"नाही सर."

"मग वाचलो. तू पुसलंस ते मेमरीतलं. डिस्कवरची फाइल जुनीच आहे. डेटा सेंटरला फोन कर, मशीन रिबूट करायला सांग. उठताना ते जुने नियमच वाचेल."

चाळीस मिनिटं लागली. त्यातली पस्तीस फोनवर गाणं ऐकण्यात गेली. सोमवारी सीनिअर माझ्या खुर्चीशेजारी येऊन बसले. रागावले नाहीत. म्हणाले, "लांबच्या मशीनवर फायरवॉलला हात लावायच्या आधी परतीचं तिकीट काढायचं." म्हणजे आधी मशीनलाच सांगून ठेवायचं, पाच मिनिटांनी आपोआप जुने नियम परत लाव. सगळं नीट झालं तर ते रद्द करायचं. अडकलो तर पाच मिनिटं चहा प्यायचा. आणि पहिला नियम कायम हा: आधीपासून सुरू असलेलं संभाषण तोडू नका. दुसरा: पोर्ट २२ उघडा, कारण त्याच दारातून आपण आत येतो.

या २२ ची गोष्ट मला फार आवडते. टाटू यलोनेन या फिनलंडच्या माणसाने १९९५ मध्ये एसएसएच लिहिलं. नेटवर्कवर पासवर्ड चोरले जात होते म्हणून त्याला सुरक्षित काहीतरी हवं होतं. २१ नंबर एफटीपीकडे होता, २३ टेलनेटकडे, मधला २२ रिकामा. त्याने नंबर वाटणाऱ्या संस्थेला ईमेल केला, हा मला द्याल का. मिळाला. रिकामी जागा होती, मागितली, दिली.

*

त्याच वर्षी आम्ही चौघी फ्लॅट शोधत होतो. पीजीला कंटाळलो होतो. वाकडपासून पिंपळे सौदागरपर्यंत दर रविवारी वणवण. ब्रोकरचा पहिला प्रश्न बजेट, दुसरा नॉनव्हेज खाता का, तिसरा "पूर्ण नाव सांगा". माझं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी कर. त्यातून काही कळत नाही. म्हणून मला चौथा प्रश्न यायचा: "म्हणजे तुम्ही कोण?"

मी सांगायचे. समोरून, "हां, मग काही प्रॉब्लेम नाही." आणि मला हायसं वाटायचं. भाडं परवडतंय, पाणी चोवीस तास आहे, बसस्टॉप जवळ आहे, या सगळ्याआधी ते हायसं वाटणं. ते आठवलं की आजही मान खाली जाते.

ज्यांना नाही म्हणायचं असतं त्यांना कुणी नाही म्हणत नाही, हेही तेव्हाच पाहिलं. आमच्या ऑफिसमधला एक जण सहा महिने घर शोधत होता. त्याला प्रत्येक मालक म्हणायचा, "कळवतो." फायरवॉलमध्ये यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. रिजेक्ट म्हणजे पाकीट नाकारायचं आणि पाठवणाऱ्याला तसं कळवायचं: इथे प्रवेश नाही. ड्रॉप म्हणजे पाकीट टाकून द्यायचं आणि काहीच बोलायचं नाही. पाठवणाऱ्याला वाटतं रस्त्यात हरवलं असेल. तो पुन्हा पाठवतो. आम्ही वापरायचो त्या लिनक्सवर तो आधी १ सेकंद थांबायचा, मग २, मग ४, ८, १६, ३२, ६४. दोन मिनिटं झाली की हार मानायचा. हल्लेखोराला वेळ घालवायला लावावा, आत काही आहे का हेही कळू देऊ नये, म्हणून बाहेरच्या बाजूला ड्रॉप वापरतात. आपल्याच माणसांच्या नेटवर्कमध्ये रिजेक्ट बरा, कारण समोरच्याचा जीव टांगणीला लागत नाही.

*

फ्लॅट मिळाला. दोन वर्षांनी चौघींतली एक लग्न करून गेली. रिकाम्या बेडची पोस्ट मी कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकली. दुसऱ्या दिवशी एका ज्युनिअरचा मेसेज आला. मला तीन वर्षं मागे होती, नेटवर्किंगच्या लॅबमध्ये मीच तिला केबल कशी क्रिंप करायची ते दाखवलं होतं.

"ताई, नमस्कार. ओळखलं का? मला हिंजवडीत जॉब लागला. तुमच्याकडचा बेड अजून आहे का?"

मी खूश होऊन बाकी दोघींना नाव सांगितलं. एकीने आडनाव पुन्हा विचारलं. मग दोघींनी एकमेकींकडे बघितलं. "आम्हाला काही नाही गं, पण काकूंना चालणार नाही." काकू म्हणजे मालकीणबाई. दुसरी म्हणाली, "उगीच नंतर कटकट नको."

मी म्हणू शकले असते की काकूंना विचारूया. म्हटलं नाही. मेसेजला उत्तरही दिलं नाही. काय लिहायचं? बेड गेला म्हणावं तर खोटं, खरं लिहावं तर हिंमत नाही. दोन दिवसांनी तिचा दुसरा मेसेज आला. चार दिवसांनी तिसरा. मी ते वरच्या नोटिफिकेशनमध्ये वाचले, उघडले नाहीत, म्हणजे निळी टिक पडायला नको. आठवडाभराने नुसतं "ताई?" एवढंच आलं. त्यानंतर काही नाही.

तिला प्रश्नचिन्हापर्यंत आणून मी गप्प बसले होते. रिजेक्ट करायलाही धीर लागतो, तो माझ्यात नव्हता.

बेड तीन आठवडे रिकामा राहिला. मग ऑफिसमधल्या कुणाच्या तरी बहिणीने घेतला. तिचं आडनाव कुणी दोनदा विचारलं नाही.

*

पुढच्या दिवाळीआधी अ‍ॅग्रीमेंटचं नूतनीकरण करायला काकू आल्या. सह्या झाल्या, चहा झाला. बाकी दोघी घरी नव्हत्या. मी विचारून टाकलं, "काकू, उद्या आमच्यातली कुणी गेली तर नवी मुलगी कुठल्या जातीची असावी असं काही आहे का तुमचं?"

काकूंनी कप खाली ठेवला. "मी कधी असं म्हणाले?"

मी आठवून पाहिलं. खरंच, कधीच नाही. अ‍ॅग्रीमेंटमध्ये नव्हतं, बोलण्यात नव्हतं. त्यांच्या मनात काय होतं मला माहीत नाही. विचारलं असतं तर कदाचित नाहीही म्हणाल्या असत्या. पण त्यांनी म्हणायच्या आधीच आम्ही त्यांच्या नावाने म्हणून टाकलं होतं. त्या जाताना एवढंच बोलल्या, "भाडं पाच तारखेच्या आत द्या आणि बाथरूमचा गीझर बंद करत जा."

त्या रात्री मला तो शुक्रवार आठवला. नियम पुसले की सगळं मोकळं होतं, असं मी समजत होते. शाळेत नागरिकशास्त्रात आम्ही पाठ केलं होतं की संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. संविधान २६ जानेवारी १९५० ला लागू झालं. परीक्षेत दोन मार्क मिळायचे. जुने नियम पुसले गेले, हे खरंच आहे, आणि ती लहान गोष्ट नाही. पण वरच्या ओळीत कंसात काय लिहिलंय ते आमच्या फ्लॅटमध्ये तरी कुणी बदललं नव्हतं. ते बदलायला आज्ञा वेगळी लागते, आणि ती प्रत्येक मशीनवर जाऊन स्वतः द्यावी लागते.

याचा अर्थ फायरवॉल वाईट असा नाही. सर्व्हर उघडा ठेवला तर लगेच कुणीतरी पासवर्ड आजमावायला लागतं, मी लॉग बघते, मला माहितीये. ड्रॉप पॉलिसी मी रोज लावते आणि लावत राहीन. पण लोकांसाठी असलेल्या सर्व्हरवर चांगला नियम बहुतेकदा 'कुठून आलास' असं विचारत नाही. तो 'कशासाठी आलास' विचारतो. पोर्ट ४४३ वर वेबसाइट बघायला आलायस? ये, जगातून कुठूनही ये. तिला एक बेड हवा होता, नोकरीच्या जवळ. आणि तो होता.

मी तिला लिहिलं. मधे आठ महिने गेले होते. चारदा खोडलं, शेवटी एवढंच राहिलं: "बेड रिकामा होता. मी मुद्दाम उत्तर दिलं नाही. कारण तुला कळलं असेल. ते काकूंचं नव्हतं, आमचं होतं. चूक माझी."

दोन टिका पडल्या. निळ्या झाल्या. मग बराच वेळ काही नाही. मी फोन उलटा करून ठेवला आणि पुन्हा सुलटा केला. दोन मिनिटं किती मोठी असतात ते मला तेव्हा कळलं.

मग आलं: "माहीत होतं ताई. पोस्ट तीन आठवडे ग्रुपवर तशीच होती." त्याखाली अजून एक: "मला बाणेरला रूम मिळाली. बरं आहे."

माफ केलं असं ती म्हणाली नाही, मीही मागितलं नाही.

आता कुठल्याही नव्या मशीनवर गेले की मी आधी यादी मागवते आणि नियमांच्या वरची पहिली ओळ वाचते. गेल्या महिन्यात आमच्याकडे पुन्हा एक बेड रिकामा झाला. पोस्ट लिहायच्या आधी मी बाकी दोघींना समोर बसवलं आणि म्हटलं, या वेळी कोण चालेल ते ठरवण्याआधी, कुणीच काही सांगितलं नसताना आपण काय करतो ते बोलूया. एक उठून आत गेली. दुसरी बसून राहिली. बोलणं अजून चालू आहे.